डोळ्यांखालचे दाणे

पनवेल, ता. ५ नोव्हेंबर १९५३

ति. शुलामिथमावशीस, रूबीचा सविनय नमस्कार वि. वि.

पत्रास कारण माझा चेहरा. डोळ्यांखाली खसखशीएवढे पांढरे दाणे आले आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. शेजारची भामा म्हणाली, सुई आण, एकेक काढून देते. पण त्याआधी मामंजींनी पाहिले आणि मोशेचा ग्रंथ उघडला. कातडीवर पांढरे दिसले तर याजकाने माणसाला सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा पाहावे, असे त्यात आहे. आपल्यात याजक नाही, म्हणून ते काम मामंजींनीच घेतले. मी मागच्या खोलीत आहे. जेवण दाराशी येते. झोप छान लागते. इस्राएलला जाण्याचे आमचे कागद ह्यांनी थांबवले आहेत. असे अंग घेऊन त्या भूमीत पाय ठेवायचा नाही, असे मामंजींचे म्हणणे. तुम्ही शिकलेल्या, हे काय ते कळवावे. माया आहे ती वाढवावी.

आपली, रूबी


मुंबई, ता. ८ नोव्हेंबर

चि. रूबीस अ. उ. आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंना विचारले. कातडीचाच चुरा आत अडकतो आणि त्याची बारीक गोळी होते. रोग नव्हे, लागण नव्हे. बहुधा आपोआप जातात. भामेला सुई शिवणासाठी ठेवू दे. तुझ्या मामंजींना, जोसेफरावांनाही स्वतंत्र पत्र टाकले आहे. तुझी खोली सुटेल.

आता तुझे. कोंडलेली बाई कधी सुटेन असे विचारते. तू झोप छान लागते असे लिहितेस. तुला इस्राएलला जायचेच नाही, असे मला दिसते. तसे असेल तर बेंजामिनला सांग. नवऱ्याशी बोलण्याचे काम दाण्यांवर टाकू नकोस. लोभ आहेच, तो रागावण्याच्या आड येत नाही.

तुझी, मावशी


पनवेल, ता. १३ नोव्हेंबर

ति. मावशीस सविनय नमस्कार वि. वि.

आपले पत्र मिळताच मामंजींनी खोली उघडली आणि ह्यांना कागद पुढे पाठवायला सांगितले. म्हणून मी जेवताना बोलले. म्हटले, मी शाळेत मुलींना मराठी शिकवते, तिथे मला भाजी मागायलाही शब्द नाहीत. मी येणार नाही. मामंजी ताटावरून उठले. ह्यांनी विचारले, आधी का नाही बोललीस. मी म्हटले, तुम्ही मला विचारले नव्हते, आगबोटीची तारीख सांगितली होती.

आता मामंजी आणि हे पुढे जाणार. बस्तान बसले की मला बोलावणार. पत्रे वाचीन, एवढेच मी कबूल केले आहे.

ह्यांची ट्रंक मीच भरते आहे. वस्तरा कुठे, बनियन कुठे, असे सारखे विचारत होते. शेवटी म्हटले, तिकडे आपले आपणच शोधावे लागेल. तेव्हा झाकण लावून हे ट्रंकेवर बसले, ते अजून बसलेले आहेत. अर्धे सामान बाहेरच आहे.

रागावलात तरी लोभ असू द्यावा.

आपली, रूबी