कुंडीतली वाळकी काडी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझी मेहंदी जगली! दवाखान्यात जाताना तू कुंडी माझ्या हवाली केलीस आणि मी पाणी पाजून पाजून झाड मारलं, हे सांगायची छातीच झाली नव्हती. वाळकी काडी कापून टाकली, तर शेजारून नवा कोंब! आता वीतभर झालाय. वाऱ्यानं कलतो म्हणून तीच काडी खोल रोवून सुतळीनं बांधलाय. घड्याळदुरुस्तीचं भिंग लावून रोज पानं मोजतो. बायको म्हणते, गिऱ्हाइकांची घड्याळं मागे पडली.

उपचारांत गेलेले तुझे केस परत आले, पण पांढरेफटक, असं तू लिहिलंस. पुढच्या महिन्यात शाळेत रुजू होताना डोक्याला रुमाल बांधायचा नाही, घरच्या मेहंदीनं केस रंगवूनच जायचं, हेच ठरलंय ना? मग पानं माझ्याकडे लागली.

लोभ असावा, माझ्या पाणी घालण्याइतका सढळ.
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून अशी किंचाळले की तुझे भावजी अर्धी दाढी तशीच टाकून धावत आले! केस अंगठ्याएवढे झालेत रे. आरशात कुणी परकीच बाई दिसते. पोरांसमोर तशी उभी राहायला मला भीती वाटते.

पण मी मास्तरीण, तपासल्याशिवाय गुण देत नाही. दोन पानं लिंबाच्या रसात वाटून तळहातावर तासभर ठेव. रंग चढला तर मेहंदी. कोवळी पानं तांबडी असली तर मेहंदी नव्हे, तेही बघ. आणि बाबा रे, माती बोटभर सुकल्याशिवाय पाणी नको!

तुझ्या चिमणीला पापा. माया कमी करू नकोस, पाणी कर.
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तळहात कोराच! कोवळी पानं तांबडीलाल. चिमणीला विचारलं, तर लेक शांतपणे म्हणाली की डाळिंबाच्या बिया ती त्याच कुंडीत थुंकायची. म्हणजे तीन महिने मी डाळिंब लाडावलं! डोक्याला हात लावून खालीच बसलो.

रागारागानं सुतळी सोडायला गेलो आणि ताई, ताई, काडीलाच पानं! मेली म्हणून जिला आधाराला लावलं, तीच फुटलीय! रोजच्या मोजणीत तिचीही पानं धरली असणार मी. दोन वाटली, लिंबू पिळलं, तासाभरात तळहात केशरी. साबणानं घासतोय, जात नाही. दुकानात येईल त्याला हात दाखवतो.

सतरा पानं सावलीत वाळवून सोबत पाठवतोय. सगळ्या डोक्याला पुरायची नाहीत. रागावू नकोस. या मूर्खावर जीव असू दे.
धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पानं कुटून वस्त्रगाळ केली, जेमतेम चमचाभर भरली. कपाळावरची एक बट रंगली, लालचुटूक! बाकी डोकं पांढरंच. डाळिंब उपटशील तर याद राख. दोघं आहेत तशीच बांधलेली राहू देत.

आज शाळेत गेले. भीतीपोटी रुमाल पिशवीत ठेवलाच होता. वर्गाच्या दारात हात पिशवीत गेलाही, तेवढ्यात मागच्या बाकावरची वात्रट पोरगी उठली आणि तिनं विचारलं की बाई, बाकीचं डोकं कधी रंगवणार? वर्ग खदखदून हसला. मलाही हसू आवरेना. झाड वाढेल तसं, असं सांगितलं आणि हजेरी घेतली.

फळा पुसायचं फडकं सापडत नव्हतं. मग तो रुमालच काढला आणि फळा स्वच्छ पुसला.

तुझ्यावर फार जीव असलेली,
ताई