बैलांची सावड

१६ जानेवारी
विकले! चांद्या-मोऱ्या, दोन्ही बैल, म्हशाच्या जत्रेत. रेश्माच्या कॉलेजसाठी. कल्याणला लॅबचा कोर्स, बारावी झाली की लगेच. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता – माझी पोत मोडायची की बैल विकायचे? पोतीत काही भागत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बैल परत घेता येतील गो, पोरीचं वय नाय येत परत." हे नुसती दावी घेऊन घरी आले. न जेवता झोपले.

१७ जानेवारी
रिकामा गोठा झाडला. कशाला झाडला कोण जाणे.

९ जून
फी भरली, हॉस्टेलचीही. सात जुलैला हजर झाली नाही तर नाव कमी, फी परत नाही.

२४ जून
आमची अक्कल कुठे चरायला गेली होती? दरवर्षी आमचे बैल आळीतल्या सगळ्यांची खाचरं नांगरायचे, बदल्यात ती माणसं आमच्या लावणीला यायची. हीच आमची सावड. बैल विकताना फीचा विचार केला, सावडीचा कुणीच नाही! सिद्धगडाच्या उतारावर ट्रॅक्टर चढत नाही. नांगराला वरच्या वाडीतल्या जैतूनं बैल दिले, पण त्याबदली आम्ही दोघांनी लावणीभर त्याच्या शेतात राबायचं. आमच्या लावणीला माणसं कुठून आणायची?
हे आळीतल्या गोमाकडे गेले. गोमा म्हणाला, "बैल नाय तर आमी कसं यायचं रे?" खोटं नाही बोलला. तरी मला त्याचा भयंकर राग आला.

२८ जून
रेश्मा म्हणाली, "आई, मी थांबू?" केवढी ओरडले तिच्यावर! मग चुलीशी बसून रडले. काही सुचतच नाही.

४ जुलै
आले! गोमा, जनाबाई, साईनाथ, सगळी आळी! न बोलावता! संध्याकाळपर्यंत लावणी उरकली. गोमाला मनात काय काय बोलले होते मी! आज त्याला आग्रह करकरून वाढलं. हे कितीतरी दिवसांनी हसले.

६ जुलै
रेश्माची बॅग भरली. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. उद्या सकाळची एसटी.

७ जुलै
रेश्मा अंथरुणात नव्हती. बॅग तिथेच.
जनाबाईच्या खाचरात सापडली. गुडघाभर चिखलात, हातात रोपांची मूठ. माझ्याकडे बघेना. जनाबाईच म्हणाली, "तुला म्हायती नाय? घरोघर येऊन सांगून गेली – बैलांच्या बदली मी येते, लावणी संपेपर्यंत."
खाली रस्त्यावरून एसटी गेली. तिच्या हातातली मूठ मी कशी घेणार? मला जैतूकडे जायचं होतं.