पोस्टानं पाठवलेलं माप

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शिवलेला स्कर्ट याही खेपेला कमरेला होत नाही. मागच्या वेळी मी नवं माप कळवलं, तेव्हा तू लिहिलंस, ऑफिसात बसून बसून खुर्ची भरत चाललीस. मीही हसले होते. आता सोनोग्राफीत दिसलं, डाव्या अंडाशयावर गाठ आहे, लहान कलिंगडाएवढी.

डॉक्टरीणबाई म्हणतात, दुर्बिणीतून केलं तर तीन भोकं आणि पंधरा दिवसांत कामावर. पण एवढी मोठी गाठ आतच रिकामी करावी लागेल. थोडी सांडली आणि वाईट निघाली, तर पोटभर पसरेल. पोट उघडलं तर अखंड निघेल, मात्र सहा आठवडे काही उचलायचं नाही. त्यांचा कल उघडण्याकडे आहे. माझाही. पण सासूबाईंना अंथरुणातून उठवून बसवणार कोण? हे तर स्वतःचा कपही उचलत नाहीत. तू येशील? टेप मात्र आणू नकोस.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी धाकटी

९ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शाळा उघडायच्या आत दीडशे गणवेश द्यायचे आहेत, कशी येऊ? माझं पोट उघडलं तेव्हा तू तीन दिवस आली होतीस, त्यातला एक झोपण्यात गेला. मी काही मनात ठेवत नाही, सहज आठवलं. तू आपलं दुर्बिणीतूनच करून घे. हल्ली सगळ्या तेच करतात. शिवणाच्या तासाला आपल्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या ना, टाका लहान तोच सुबक!

जपून राहा.
ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. टाके खरंच सुबक आहेत. दहाव्या दिवशी सासूबाईंना उचललं. त्या म्हणाल्या, एवढ्याशा भोकांचं किती कौतुक!

काढताना गाठ फुटली. काल तपासणीचा कागद आला. वाईट निघाली. आता पोट उघडायचंच आहे, आणि पुढे केमो.

धाकटी

१८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मापांच्या वहीत तुझं पान काढून बसले आहे. दोन वर्षांत कंबर सहा इंच वाढली, दंड आणि छाती मात्र उतरत गेली. एखाद्या गिऱ्हाइकाचं असं माप आलं असतं, तर मी तिला आधी डॉक्टरकडे पिटाळलं असतं. तुला टोमणा मारला आणि शिवण उसवून सैल केली.

उरलेले गणवेश दुसरीकडे शिवायला दिले. सोमवारी पोहोचते. सासूबाईंना मी उचलेन. सहा आठवडे काय, म्हणशील तितके दिवस राहीन. रागाव, पण नको म्हणू नकोस.

तुझी ताई

२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ये. मे महिन्यात सहा आठवडे पुरले असते. आता किती लागतील, ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

सगळे स्कर्ट ढगळ होताहेत. येताना टेप आण. या वेळी माप तूच घे, मी कळवणार नाही.

धाकटी