काटा शून्यावर येण्याआधी

प्रिय अण्णा,

तुला जाऊन वर्ष उलटलं आणि मी आत्ता लिहायला बसलोय. फार उशीर केला रे, माफ कर. वर्षश्राद्धाला सगळे तुझ्याबद्दल दोन दोन शब्द बोलले. मी मात्र पानं वाढत फिरत राहिलो. लोकांना वाटलं, धाकट्या भावाला दुःख आवरत नाही. दुःख होतंच, पण त्याहून भीती मोठी होती. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं तर?

आज लिहितोय, कारण परवा सोमवारी माझी नात मानसा कॉलेजात अर्ज देणार आहे. नाव काढून टाका म्हणून! इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष, अण्णा. आपल्या रंगाऱ्यांच्या घरातली इतकं शिकलेली पहिली मुलगी.

कॉलेजनंच तिला सहा महिने मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकायला पाठवलं. तिथं प्रेसवर पत्र्याचे भाग ठोकून काढतात. तिथल्या मेस्त्रीला ती इतकी आवडली, की म्हणाला, परीक्षा कशाला देतेस, इथंच राहा. झालं! आता घरात रोज भांडण. तिचे आईबाप बोलून बोलून थकले. ती एकच म्हणते, "आजोबांना विचारा. ते किती शिकलेत?"

सातवी नापास. तुला ठाऊकच आहे.

मंगळवारी ती संध्याकाळी आली, ग्रीसचे हात तसेच, आणि माझ्यासमोर कॉफी घेऊन बसली.

"आजोबा, मशीनच्या आवाजावरून कळतं मला आता. डोळे मिटून सांगते, तुकडा नीट बसलाय की नाही."

"बेष," म्हटलं मी. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

"त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. सुम्ने, उगीच वेळ जातो. मी एका बटणावर चिकटपट्टीच लावून टाकली! एका हातानं बटण, दुसऱ्यानं तुकडा सरकवायचा. दुप्पट काम."

"आणि तिथला इंजिनियर?"

"ओरडला. मी म्हटलं, सर, डिग्रीवाल्यानं आमच्या घरात एकाचा डोळा घालवलाय, तुमचं पुस्तक तुमच्याकडंच ठेवा." आणि हसली. "तुमचाच डायलॉग, आजोबा!"

मी कप बाजूला सारला. म्हटलं, "ती पट्टी काढ." म्हणाली, "म्हातारे झालात तुम्ही, घाबरता."

घाबरतोच! तेव्हापासून ती घरात आली की आधी मी तिची बोटं मोजतो. दहा भरली की मग मी जेवायला बसतो. सकाळी ती स्कूटर काढते आणि मी फाटकाकडं बघत बसतो, ती तिची स्कूटर परत तिथं वाजेपर्यंत.

तुझ्या डोळ्याची ती गोष्ट तिला मी किती वेळा सांगितली असेल? ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून. नवा इंजिनियर आला, त्याला काम कळत नव्हतं, त्यानं रंगाच्या भांड्याचं झाकण उघडायला लावलं आणि अण्णाचा डोळा गेला. डिग्री म्हणजे कागद, माणूस हातानं शिकतो. प्रत्येक वेळी तू तिथंच बसलेला असायचास, सुपारी कातरत. एकदा तरी म्हणायचं होतंस, "पुरे, किट्टू"! का नाही म्हणालास?

आता मला खरं लिहू दे. तुला ठाऊक आहे, तरी लिहू दे. उद्या तोंडानं सांगायचंय, तर आज हातानं लिहून बघतो.

त्या नव्या इंजिनियर पोराचं नाव नंजुंड होतं. मिसरूडही धड फुटलेली नव्हती. सूत रंगवायच्या त्या बंद भांड्यावर त्यानं आधी इंग्रजीत पाटी लावली. आपल्याला इंग्रजी वाचता येत नाही हे कळल्यावर खडू घेऊन स्वतः बाजूच्या भिंतीवर कन्नडात लिहिलं : दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडू नये. मी सगळ्यांना हसवलं त्यावर. म्हटलं, "काटा बघायला आम्ही काय वाणी आहोत? झाकणावर हात ठेवला की मला आतली वाफ कळते."

आणि कळायचीच रे! किती वर्षं कळली. म्हणूनच तर त्या दिवशी काट्याकडं बघितलं नाही. तो पोरगा दारातून म्हणाला, "थांबा, अजून प्रेशर आहे." मी त्याच्याकडं बघत बघत बोल्ट सैल केला. तू मागून ओरडलास, "हुशार!"

कारखान्यात सगळी कन्नड चालायची. कन्नडात हुशार म्हणजे जपून. घरात आपली मराठी, आणि मराठीत हुशार म्हणजे शाबास. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो, की मला वाटलं अण्णा त्या पोरासमोर माझं कौतुक करतोय, म्हणून मी आणखी एक आटा फिरवला. खोटं आहे, अण्णा. मशीनचा आवाज ओळखणाऱ्याला भावाचा आवाज कळत नाही होय? तू घाबरला होतास. मला कळलं होतं. तरी फिरवला, कारण तो पोरगा बघत होता.

मला मागं ओढायला तू पुढं आलास आणि उकळता रंग तुझ्या तोंडावर आला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला माणसं यायच्या आधी मी ओल्या फडक्यानं ती खडूची ओळ पुसली. शाळेत कधी स्वतःची पाटी पुसली नाही, मास्तर त्यावरून मारायचे. ही मात्र स्वच्छ पुसली. साहेबांनी विचारलं, उघडायला कुणी सांगितलं? मी बोट केलं. "ह्यांनी." तो पोरगा एवढंच म्हणाला, "मी लिहिलं होतं, सर." दोनदा म्हणाला. मग साहेब तुझ्याकडं दवाखान्यात आले, आणि तू पट्टी बांधलेल्या तोंडानं म्हणालास, "तम्मा, माझा धाकटा, म्हणतो तेच खरं."

त्याला काढून टाकलं. तुला गेटवर बसवलं. ज्याला निळ्यातला निळा ओळखायला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं, ज्याच्याकडं मोठमोठे साहेब कापडाचे तुकडे घेऊन यायचे, तो गाड्यांचे नंबर लिहीत बसला. मला मात्र काही झालं नाही. मी नोकरी पुरी करून हार घालून घरी आलो.

काल मला राहवेना, वहिनींकडं गेलो. त्या अवऱ्याच्या शेंगा सोलत होत्या.

"वहिनी, अण्णाच्या डोळ्याचं एक सांगायचं होतं..."

"झाकण तुम्ही उघडलंत, तेच ना? बसा. शेंगा सोला, रिकामे हात बरे दिसत नाहीत."

अण्णा, माझ्या हातातली शेंग तशीच राहिली!

"तुम्हाला ठाऊक होतं? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही बोललात का, भावोजी?" मग स्वतःच म्हणाल्या, "मी भांडले होते यांच्याशी. म्हटलं, त्या पोराचं का वाटोळं केलंत? तर म्हणाले, त्याच्याकडं डिग्री आहे, तो कुठंही उभा राहील. किट्टूकडं काय आहे? सातवी नापासाला एकदा काढलं, तर या गावात त्याला दारात कोण उभं करेल?"

म्हणजे तू ओळखली होतीस त्या कागदाची किंमत! डोळ्यावर पट्टी असताना ओळखलीस. त्या कागदाच्या भरवशावर तू मला वाचवलंस, आणि मी पुढं जन्मभर तुझ्याच समोर बसून त्याला नावं ठेवली. मला तेव्हाच का नाही सांगितलंस? की सांगितलं असतंस तर मी जगलो नसतो, असं वाटलं तुला?

अजूनही मी म्हणतो, हात शिकतात ते खरं. तुझे डोळे शिकले होते, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण त्या पोराची खडूची ओळ काय होती? ती काही त्याच्या डोक्यातून निघाली नव्हती. कुठंतरी कुणीतरी भाजलं असेल, कुणाचा डोळा गेला असेल, म्हणून ती पुस्तकात लिहिली गेली. मी तिला कोऱ्या पोराची अक्कल समजलो. ती आपल्यासारख्यांचाच अनुभव होता, अण्णा. मला वाचता येत नव्हता एवढंच.

वहिनी म्हणाल्या, "मानसाला तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणी सांगितलं तर म्हणेल, बाबांनी पढवून पाठवलं."

कसं सांगू रे? तिला वाटेल, डिग्री पुरी करायला लावायची म्हणून म्हाताऱ्यानं नवी गोष्ट रचली. खरं वाटलं तर त्याहून वाईट. संध्याकाळी ग्रीसचे हात घेऊन ती माझ्यासमोर येऊन बसते, ती बसायचीच बंद झाली तर? घरात मला ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस आहे. आणि सगळं ऐकूनही ती सोमवारी गेलीच, पट्टी तशीच ठेवून, तर मी काय करू?

तरी सांगणार. तुला वचन देतो. उद्या रविवार, ती उशिरा उठते. उठली की चूळ भरायच्या आधी सांगणार, नाहीतर दुपारपर्यंत माझा धीर सुटेल. झाकण मी उघडलं, ओळ मी पुसली, बोट मी केलं, असं माझ्या तोंडानं. तुझ्या साक्षीबद्दल ती विचारेल, तेही सांगेन. रागावू नकोस. डिग्री घ्यायची की नको, ते तिचं तिला ठरवू दे, पण माझ्या खोट्यावर ठरवायला नको. आणि ती पट्टी तिनं काढली नाही, तर सोमवारी मी स्वतः बसनं मेटगळ्ळीला जाईन आणि नखानं खरवडून काढीन.

एकच अडलंय. मला तिचा स्वभाव माहीत आहे, ती पहिलं हेच विचारणार : "मग त्या नंजुंडचं पुढं काय झालं?" मला माहीत नाही, अण्णा. मी कधी विचारलंच नाही. तो उभा राहिला का कुठं? तुझ्या कानावर कधी काही आलं होतं का? तिथं तुला तो भेटला का? भेटला असेल तर काय म्हणाला? कसंही कर, कुणाच्या स्वप्नात ये, वहिनींच्या तोंडून बोल, पण लवकर कळव. ती उठायच्या आत कळव.

तुझा तम्मा,
किट्टू