आज्ञेचं घर

कैरो, १४ मार्च १९६३

प्रिय तफीदाताईस बहीजाचा सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? ईदची मिठाई पोचली. शूटिंगवर नेली आणि मेल्यांनी मला तुकडाही ठेवला नाही.

सिनेमा संपत आला. तीच कादंबरी, जी शाळेत असताना मी वाचून दाखवली की तू हमसून हमसून रडायचीस. साठ वर्षांपूर्वीचे झगे शिवून माझ्या बोटांची चाळण झाली आहे.

परवा शेवटचा प्रसंग होता. नवरा कोर्टाचा हुकूम आणतो आणि दोन पोलीस नायिकेला त्याच्या घरी, आज्ञेच्या घरी, नेऊन सोडतात. आमची नटी हात झटकत, छाती पिटत चालली. दिग्दर्शक वैतागले, "बाई, बाजारात भांडायला निघालात का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ती रडणार नाही. ओळखीचं कुणी भेटायच्या आत पोचावं म्हणून पोलिसांच्याही पुढे चालेल."

"चालून दाखव."

दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नटी म्हणाली, "अगं, कुठे शिकलीस हे?" मी म्हटलं, "तुमची बाही उसवलीय, इकडे या."

ताई, दोन वर्षांपूर्वी शहाताने, माझ्याच नवऱ्याने, मला तसंच हुकूम आणून नेलं होतं. तुला मी लिहिलं, नवऱ्याकडे परत गेले, नांदते आहे. तू आनंदाने गल्लीत सरबत वाटलंस. कोर्टाला हवं ते सगळं त्या खोलीत होतं, चटई, स्टोव्ह, माठ आणि साक्षीदारांनी सज्जन ठरवलेले शेजारी. तो मारायला लागला की ते सज्जन रेडिओ मोठा करायचे. सात महिन्यांनी मी पळाले. तेव्हाही तुला खोटंच कळवलं, सिनेमात काम मिळालं म्हणून वेगळी राहते.

काल नवा हुकूम आला. त्यावर माझ्या गच्चीवरच्या खोलीचा पत्ता आहे. तो मी फक्त तुला कळवला होता. शहाता तुझ्याकडे येऊन रडला असेल, तू चहा पाजला असशील. बहिणीचा संसार जुळावा म्हणूनच दिलास, आणि खरं लपवलं मीच. तरी तुझा राग येतो. फार येतो.

उद्या सकाळी पोलीस येतील. पळून यायला माझ्याजवळ एकच दार होतं, तुझं. तिथेही आता तो आधी पोचेल.

यापुढे पत्र त्याच्या घरी पाठव. तो पाकीट फोडून वाचेल, म्हणून सुखात आहेस ना, एवढंच विचार. मी हो लिहीन.

ते खरं मानू नकोस.

तुझी,
बहीजा