‘रूळमित्र’ आणि ‘छोटी आगगाडी’ यांच्या वाटणीबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो देताना ते फोनवर दुसऱ्याच पेशंटशी बोलत होते, म्हणून मी घरी येऊन सतराचा पाढा उलटा म्हणून पाहिला. चुकला नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती आपण फाडून टाकली असे वकील सांगतात.

हा मसुदा वकिलांचा नाही. त्यांनी करून दिलेल्या मसुद्यात ‘इत्यादी’ हा शब्द दोनदा होता. इत्यादीत काय काय खपवता येते ते मी छत्तीस वर्षे दुकानादुकानांतून पाहिले आहे.

कलम १. घर. वडिलांनी केलेल्या वाटणीप्रमाणे तळमजला माझा आणि वरचा मजला धाकट्या भावाचा. तळमजला माझ्या मुलीला द्यावा. मागच्या भेटीत जावयांनी मागच्या खोलीची भिंत बोटाने ठोकून पाहिली आणि म्हणाले, “बाबा, ही पाडली तर हॉल केवढा ऐसपैस होईल!” मी जिवंत समोर बसलो होतो. सबब या भिंतीबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार फक्त मुलीचा राहील. जावयांनी सूचनासुद्धा करू नये.

कलम २. बँकेतले जे काही असेल ते मुलीला. पासबुक कुठे आहे ते तिला ठाऊक आहे. जावयांना ठाऊक नाही, अशी माझी समजूत आहे.

कलम ३. हत्यारे. कॅलिपर, बारीक पेचकस, डाग देण्याचे सोल्डरिंग आयर्न आणि चिमटे मुलीला, कारण लहानपणी माझ्या शेजारी बसून कॅलिपर न दाबता धरायला ती एकटीच शिकली. पितळी वजनांच्या पेटीतले एक किलोचे वजन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला द्यावे. त्याला मी दोनदा दंड केला आहे. ते त्याने काट्याशेजारी, गिऱ्हाइकाला दिसेल असे ठेवावे. न ठेवल्यास परत घ्यावे.

कलम ४. मासिके. घरात रूळ मांडून चालवायच्या लहान रेल्वेच्या छंदाला वाहिलेली दोन मासिके मी एकतीस वर्षे घेत आलो. एक ‘रूळमित्र’, दुसरे ‘छोटी आगगाडी’. दोन्हींचे सर्व अंक मागच्या खोलीतल्या फळ्यांवर आहेत आणि त्यांच्या तुलनेची नोंदवही, एकूण नऊ खंड, लोखंडी कपाटात आहे. ही नोंदवही हेच माझे खरे काम, नोकरी पोटापुरती होती, असे म्हटले तरी चालेल.

वाचणाऱ्याने फसू नये म्हणून सारांश देतो. ‘रूळमित्र’चा कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ रंगीत, आणि सहाव्या पानावर जे इंजिन ‘सर्वोत्कृष्ट’ ठरते त्याचीच जाहिरात सातव्या पानावर. हा योगायोग एकशे बारा वेळा घडला आहे. त्यांनी छापलेले रुळांचे नकाशे मी पुठ्ठ्यावर कापून पाहिले. दर तिसऱ्या नकाशात वळण इतके आखूड, की गाडी हमखास पडते. ‘छोटी आगगाडी’ची पाने चोवीस, पिना दोन, त्यातली एक नेहमी तिरकी. फोटो अंगठ्याएवढे आणि काळेकुट्ट. पण नकाशे मापात. एकतीस वर्षांत फक्त चार चुका, आणि चारही पुढच्या अंकात कबूल केलेल्या.

दोन्ही संपादक अग्रलेखांतून एकमेकांवर तोंडसुख घेत असले तरी ते दोघे एकच इसम असावेत असा माझा संशय आहे. एकाच हिवाळ्यात दोघांचाही डावा गुडघा दुखत होता.

आपल्या पोस्टमनबद्दलही नोंद करतो. ‘रूळमित्र’चे पाकीट कित्येकदा परत चिकटवल्यासारखे लागे. विचारले तर म्हणाला, “साहेब, मला कुठं एवढा वेळ?” पण पुढच्याच महिन्यात त्याने मला विचारले, की वाफेच्या इंजिनाला चाके किती असतात.

कलम ५. लहान रेल्वे. मागच्या खोलीतली अडीच मीटर बाय सव्वा मीटरची मांडणी, दोन इंजिने, अकरा डबे, एक स्थानक. स्थानकाची पाटी कोरी आहे, कारण नावावर माझे आणि धाकट्याचे कधी एकमत झाले नाही. हे सगळे आम्ही दोघांनी मिळून उभे केले. तरीही ते धाकट्याला देऊ नये. त्याचे कारण लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

चौदा वर्षांपूर्वी मी आमच्या स्थानकावर लेख लिहिला आणि तो ‘रूळमित्र’मध्ये फोटोसह छापून आला. फोटो काढल्यानंतर, लेख यायच्या आधी, सिग्नलचा खांब रंगवायला म्हणून मी काढला होता आणि परत लावताना चुकून उजव्या हाताला लावला. आमच्याकडे तो गाडीच्या डाव्या हाताला असतो. धाकटा आत आला आणि खो खो हसत सुटला. “दादा, अरे ड्रायव्हरने काय मान मोडून बघायचं का सिग्नलकडे?” मी त्याच दुपारी खांब जागेवर लावला. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हते.

लेखानंतर दोन महिन्यांनी ‘रूळमित्र’च्या पत्रव्यवहारात एक पत्र आले. ‘सदर स्थानकाचा सिग्नल उजव्या हाताला आहे. मापाचा एवढा आग्रह धरणाऱ्या लेखकाने आधी डावे-उजवे शिकावे. — एक वाचक.’

फोटोत सिग्नल बरोबर होता. फोटो आधीचा होता. म्हणजे हे फोटोवरून कळणे शक्य नव्हते. म्हणजे लिहिणारा खोलीत येऊन गेलेला होता. धाकटा छापखान्यात प्लेटा करायचा, मासिकवाल्यांशी त्याची ऊठबस होती. मी पत्र त्याच्यासमोर धरले. तो म्हणाला, “दादा, मी नाही रे लिहिलं.” चोरट्या मापाचा प्रत्येक दुकानदार मला हेच म्हणालेला आहे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. चार दिवसांनी तो कसलासा अंक काखेत धरून दारात आला. मी दार लावून घेतले. माझी पत्नी होती तोवर ती वर जात असे. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा त्याने खांदा दिला आणि आम्ही दोघे एकमेकांच्या शेजारून, एक शब्द न बोलता चालत गेलो.

इथपर्यंत परवा लिहिले. पुढचे आज लिहीत आहे. खाडाखोड असलेला कागद संशयास्पद दिसतो, म्हणून वरचे काही खोडलेले नाही. वाचणाऱ्याने कलम ५ वाचावे, पण त्याप्रमाणे वागू नये.

कलम ६. काल सकाळी मी कलम ४ साठी अंक मोजायला घेतले. दोन्ही मासिकांचा एकेक अंक कमी भरला. कोणीतरी लांबवला असे वाटून मी मुलीला फोन करून जावयांबद्दल दोन प्रश्नही विचारले. मग आठवले. ते दोन अंक मीच लाखेचा शिक्का मारून पाकिटात ठेवले होते. निरीक्षकाने स्वतःचे माप स्वतः तपासायचे नाही, असा माझा नोंदवहीचा नियम आहे. ज्या अंकात माझा लेख, त्याला गुण नाहीत, तुलना नाही.

आणि दोन अंक होते, कारण लेख मी दोन्हीकडे पाठवला होता. दोन्ही मासिकांची अट होती, की लेख अन्यत्र दिलेला नसावा. मी दोघांनाही तसे लिहून दिले. आयुष्यभर लोकांची दोन-दोन वजने जप्त करणाऱ्या माणसाने हे केले. ‘रूळमित्र’ला निगेटिव्ह पाठवली, ‘छोटी आगगाडी’ला छापील फोटो. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नव्हते.

शिक्का फोडला आणि दोन्ही अंक टेबलावर शेजारी शेजारी उघडले. ‘छोटी आगगाडी’त सिग्नल डाव्या हाताला. ‘रूळमित्र’मध्ये उजव्या. मी भिंग आणले. स्थानक, झाडे, पूल, सगळेच उलटे. त्यांनी निगेटिव्ह उलटी धरून छापली होती, आणि पाटी कोरी असल्यामुळे कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. ते पत्र कुठल्यातरी परक्या गावच्या परक्या माणसाने फोटो बघून, अगदी प्रामाणिकपणे लिहिले होते. अंक आला तेव्हा मी त्या फोटोची लांबी-रुंदी मोजली होती, लेखातल्या छपाईच्या सात चुका मोजल्या होत्या. फोटोत काय आहे ते मला माहीत होते, म्हणून बघितले नाही.

मी भिंग जागेवर ठेवले. मग दोन्ही अंक घेऊन वर गेलो. चौदा वर्षांत जिन्याच्या दोन पायऱ्या बदललेल्या दिसल्या. धाकट्याने दार उघडले, माझ्या हातातले अंक पाहिले आणि म्हणाला, “सापडलं?”

हा शब्द ऐकताच माझ्या मनात आले, याला कसे माहीत? म्हणजे यात याचा हात आहेच! हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझा स्वभाव कोणाच्या लक्षात येईल.

“तुला माहीत होतं?” मी विचारले.

“दादा, जन्मभर प्लेटा केल्या मी. उलटी निगेटिव्ह मला कळणार नाही होय? त्याच आठवड्यात कळलं. अंक घेऊन खाली आलो होतो की. तू दार लावलंस.”

“मग परत यायचं! नाहीतर हिच्याजवळ तरी सांगायचं!”

“वहिनीला सांगितलं होतं.”

मी आत जाऊन खुर्चीवर बसलो. त्याने पाणी दिले आणि समोर बसून सांगितले, ते मी शब्दशः उतरवतो.

“वहिनी म्हणाली, भावजी, आपण सांगायचं नाही. आपण सांगितलं तर यांना वाटेल आपण दोघांनी मिळून तो फोटो उलटा छापवला. मग तुमच्याशी बोलत नाहीत तसे माझ्याशीही बोलायचे नाहीत. यांचं यांना सापडू दे. सगळं मोजतात, एक ना एक दिवस हेही मोजतील. मग दर महिन्याला ती वर आली की मी विचारायचो, वहिनी, मोजलं का? ती नुसती मान हलवायची. शेवटी दवाखान्यातसुद्धा मी विचारलं, आता सांगू का? तर म्हणाली, नको, आता तर मुळीच नको, मी गेल्यावर यांना संशय घ्यायला माणूस उरणार नाही, तुम्ही तरी राहा.”

ती म्हणाली ते खरे होते. मला तसेच वाटले असते. तिने सांगितले असते तर मी तिच्यावर संशय घेतला असता, तिच्यावर. इथे अक्षर बदललेले दिसल्यास बनावट समजू नये.

मी धाकट्याची माफी मागितली. आयुष्यात कधी मागितली नव्हती, त्यामुळे ती नीट मागता आली की नाही, सांगता येत नाही. मग त्याला सांगितले, की कलम ५ बदलतो आणि रेल्वे, मासिके, नोंदवही सगळे तुझ्या नावावर करतो. तर तो भडकला.

“मेल्यावर देऊ नकोस मला काही! चौदा वर्षं वर बसून तुझ्या गाडीचा आवाज ऐकलाय मी. मरायची वाट बघू का आता तुझ्या? खाली येऊ का आत्ता, ते सांग.”

कलम ७. सबब रेल्वे, दोन्ही मासिके आणि नोंदवहीचे नऊ खंड या मृत्युपत्रातून वगळले आहेत. ते काल सकाळी पावणेअकरा वाजता, मी हयात असताना, धाकट्या भावाला आणि मला मिळून सामाईक देण्यात आले. आमच्यातला जो मागे राहील त्याला ते सगळे जाईल. मी मागे राहिलो तर काय करायचे, याचा विचार मला करवत नाही.

कलम ८. जावयांबद्दल मी मुलीला फोनवर विचारलेले दोन प्रश्न मागे घेतो.

येथवरचा मजकूर मी दोनदा वाचला. तो माझाच आहे आणि मला मान्य आहे. धाकट्याला वाचायला दिला नाही. त्याने मागितला नाही, आणि तो का मागत नाही याचा मी काही तर्क केला नाही.

सही: (निवृत्त निरीक्षक, तळमजला)

साक्षीदार १: डॉक्टर. सही करताना फोन बंद होता, याची मी खात्री केली.

साक्षीदार २: पोस्टमन. चाके किती, ते त्याला मागच्या खोलीत नेऊन दाखवले.

स्थळ: राहते घर, मागची खोली.

दिनांक: ९ मार्च, सोमवार. वेळ सकाळची, गाडी चालू असताना.