वडवणीचे दोन खटके

४ मे
लिंबागणेशच्या डोंगरावरच्या आमच्या हॅम रेडिओ क्लबच्या रिपीटरचा, म्हणजे आलेला आवाज पुढे फेकणाऱ्या यंत्राचा, अँटेना चिरला. दुसऱ्यांदा. टॉवरवरून रफिक ओरडला, "बाई, नळीत डबकं झालंय!" पांढरं फायबर, दिसायला गोंडस. गेल्या पावसाळ्यात मोबाइल बंद होते, नदीपलीकडच्या बाळंतिणीचा निरोप याच अँटेनातून खरखरत विरला. पुढचं लिहवत नाही.

७ मे
बीडला क्लबची बैठक. अध्यक्ष बप्पांना परत पांढराच हवा. "पल्ला लई हाय त्याचा, बाई." पल्ला कॅटलॉगात असतो बप्पा, वारा डोंगरावर. मला उघड्या अॅल्युमिनियमच्या कड्यांचा हवा. जाड, पाणी साचायला जागाच नाही. पल्ला थोडा कमी. "मग वडवणी सुटंल की." फळ्यावर गणित मांडलं. वडवणीच्या रहमतभाईंचा गच्चीवरचा अँटेना धरला, तर पल्ला तिथवर पुरतो. बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं आहे. कड्यांचाच ठरला.

८ मे
सकाळची रेडिओवरची हजेरी, एकेका गावाचं नाव घेते. वडवणी: दोन खटके. रहमतभाई. जन्म रेडिओदुरुस्तीत गेला, घशाच्या ऑपरेशनात आवाज. नाव घेतलं की सेटचं बटण दोनदा दाबतात. पूर्वी तासभर भांडायचे. "बाई, किताब में सही, तार में गलत."

१९ मे
नवा चढला. रफिक कडीला लोंबकळला. "वानर बी मोडणार न्हाई, बाई." बप्पांनी नारळ फोडला, भाषणही केलं. अँटेना त्यांनीच निवडला म्हणे. निर्लज्ज.

२० मे
वडवणी: काही नाही.

२२ मे
आजही नाही. बप्पा सगळ्यांच्या देखत, म्हणजे रेडिओवरच, "बाई, फुडं चला."

२३ मे
त्यांच्या घरी फोन. सून म्हणाली, "अब्बा तो रोज दबाते. तुमारा सब सुनाई देता. तुमीच कायकू नाव लेके आगे जाते?"
गच्चीवरचा अँटेना कधीच उतरवलेला. सहा महिने आतल्या खोलीत, खाटेवर, हातातला छोटा सेट. त्याला आमचं ऐकू येतं, पण त्याचे खटके नव्या अँटेनापर्यंत पोचत नाहीत. मी विचारलंच नव्हतं. मुका माणूस काय सांगणार, असंच धरून चालले असेन. बप्पांना काय बोलू?

२६ मे
एसटीने वडवणी. गच्चीवर तार टाकून देते म्हटलं. मुलगा दारातच. "ऊपर किरायेदार है. और अब्बा को आराम करने दो, बाई. सुबह बटन दबाके रोते."
र.भाई निम्मे उरलेत. मी म्हटलं, पांढरा परत चढवते. त्यांनी पाटी ओढून घेतली, वेळ लावून लिहिलं: मत उतारो. तार में सही है.


२ जून
काल वादळ. अँटेना तसूभर हलला नाही. रफिक खूश.
हजेरीत वडवणी घेतलं. दोन खटक्यांपुरती थांबले. मग आणखी थोडी.
"बाई, फुडं?" बप्पा.
थांबा म्हटलं.